उघड्या दाराचे तोरण

(शास्त्रपाठ : यशया ५८:६-१२, मत्तय ६:१-४, प्रेषितांची कृत्ये ६:१-७ व ९:३६-४२)



‘पुष्पचक्र’ हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या मनापुढे बहुधा अंत्यविधीचे दृश्य उभे राहते. थोरामोठ्यांच्या पार्थिवावर वाहिलेले, हुतात्म्यांच्या स्मारकापाशी ठेवलेले असे ते चक्र. परंतु आगमनकाळ सुरू झाला की आपल्या उपासनामंदिरांत आणि घरांत आणखी एक चक्र येते. हिरव्या डहाळ्यांचे, लाल फितीचे, मेणबत्त्यांचे. ते निरोपासाठी नसते, स्वागतासाठी असते. मेजावर ठेवले तर चार रविवारांच्या चार मेणबत्त्या त्यात उजळतात. दारावर टांगले तर ते आपल्या तोरणाचेच काम करते. म्हणून या लेखात मी त्याला तोरणच म्हणणार आहे. तोरण म्हटले की दार आठवते, आणि आज आपल्याशी मला दाराविषयीच बोलावयाचे आहे.

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे गाव. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आपण ज्या रुळांवरून देशभर प्रवास करतो, त्यांतील कितीतरी रूळ याच गावी घडले. नोकरीच्या निमित्ताने भारताच्या सर्व प्रांतांतील माणसे तेथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा या गावातील एखाद्या मंडळीची डिसेंबरच्या आरंभीची संध्याकाळ आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू या.

भगिनी मंडळातील बाया आणि तरुण संघातील मुले-मुली सतरंजीवर गोलाकार बसली आहेत. कोणी बांबूच्या कामट्या वाकवून कडी करीत आहे, कोणी तारेने त्या कड्यांची टोके आवळीत आहे. सुरूच्या डहाळ्या, अशोकाची पाने, लाल फितीचे गुंडाळे, पितळी घंटा यांचे ढीग मधोमध पडले आहेत. ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे मागणी नोंदविली आहे. एका घराला सोनेरी फीत हवी, दुसऱ्याला नातवाचे नाव लिहिलेला तारा हवा, तिसऱ्याला झेंडूची फुले हवीत. विक्रीतून जे पैसे येतील, त्यांतून थंडीत कुडकुडणाऱ्यांसाठी कांबळी घ्यावयाची, कोणा मुलाची शाळेची फी भरावयाची, कोणा रुग्णाला औषध पुरवावयाचे, असे ठरले आहे.

किती गोड दृश्य आहे हे! आपल्या अनेक मंडळ्यांत, वेगवेगळ्या रूपांत, नाताळच्या दिवसांत ते दिसते. कोठे तोरणे होतात, कोठे शुभेच्छापत्रे, कोठे करंज्या आणि केक. हात कामात असतात, ओठांवर गीते असतात. या सेवेवर टीका करण्यासाठी मी लेखणी हाती घेतलेली नाही. प्रभूच्या नावाने केलेले कोणतेही काम लहान नसते. परंतु सुंदर कामाला एक सूक्ष्म धोका असतो. ज्यासाठी ते हाती घेतले त्याचाच विसर पडून आपण त्याच्या सौंदर्यातच गुंतून पडतो. तोरण पूर्ण होते, दारावर शोभते आणि ज्याच्यासाठी ते केले तो मात्र दाराबाहेरच राहतो. हे टाळावे कसे, याचा विचार पवित्र शास्त्राच्या प्रकाशात करू या.

तोरण प्रथम कोणाच्या घरी उजळले?

मेणबत्त्यांच्या या हिरव्या चक्राचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. तो एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात सुरू झालेला नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराजवळ योहान हिनरिख विखर्न या तरुण ल्यूथरन धर्मसेवकाने १८३३ साली अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी एक घर उघडले. हॅम्बुर्गच्या दरिद्री वस्त्यांतून ही मुले येत. मोठ्या कोठडीसारख्या वसतिगृहात त्यांना कोंडण्याऐवजी विखर्न यांनी त्यांचे लहान लहान गट केले आणि प्रत्येक गट एका कुटुंबासारखा राहील अशी व्यवस्था केली.

आगमनकाळात ही मुले रोज एकच प्रश्न विचारीत : नाताळ कधी? ज्या मुलांच्या आयुष्यात वाट पाहण्याजोगे काही नव्हतेच, ती आता वाट पाहावयास शिकली होती. १८३९ साली विखर्न यांनी गाडीचे एक जुने लाकडी चाक घेतले आणि त्यावर २० लहान लाल व ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लाल मेणबत्ती पेटवावयाची, रविवारी पांढरी. त्या वर्षी १ डिसेंबरलाच आगमनकाळाचा पहिला रविवार आला होता, म्हणून नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत बरोबर २४ दिवस होते. रोज प्रकाश वाढत गेला आणि मुलांना दिवस मोजता आले. चाकाला हिरव्या डहाळ्यांचा साज पुढे काही वर्षांनी चढला. घरोघरी मावेल असे चार मेणबत्त्यांचे लहान चक्र तर त्याहूनही नंतरचे.

यात आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते चक्र गरिबांसाठी पैसे जमविण्याकरिता केलेले नव्हते. ते गरिबांच्याच घरात, त्यांच्याच डोळ्यांसमोर, त्यांच्याच हातांनी पेटविण्यासाठी केलेले होते. आज आपण ते आपल्या दारावर लावतो आणि त्याचे मोल गरिबांकडे पाठवितो. पाठवावेच. पण ज्या घरी ते प्रथम उजळले त्या घराची वाट आपण विसरू नये. या वर्षी आपण पन्नास तोरणे करणार असू, तर एक्कावन्नावे विक्रीसाठी न ठेवता, ज्यांच्यासाठी निधी जमवितो त्यांच्याकडे घेऊन जावे आणि त्यांच्या शेजारी बसून पहिली मेणबत्ती त्यांच्याच हाताने लावावी. पैशाचे पाकीट पोहोचविण्यास पाच मिनिटे पुरतात. शेजारी बसण्यास एक संध्याकाळ लागते. प्रभूने आपल्यासाठी पाकीट पाठविले नाही, तो स्वतः आला. नाताळचा अर्थ तोच आहे.

छत्तीसगडच्या भूमीला ही शिकवण नवी नाही. जर्मन मूळ असलेले मिशनरी ऑस्कर लोर १८६८ साली या प्रदेशात आले आणि त्यांनी ज्या ठिकाणी वस्ती केली त्याचे नाव ठेवले विश्रामपूर. थकल्याभागल्यांना विसावा मिळावा, हीच त्या नावामागची आशा. १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, धमतरी येथे मेनोनाइट मिशनने आपले काम सुरू केले. चांदखुरी आणि चांपा येथे कुष्ठरोग्यांसाठी घरे उघडली गेली. ज्यांच्याकडे पाहून लोक तोंड फिरवीत, त्यांच्याजवळ राहावयास ही माणसे आली होती. आपल्या मंडळ्यांचा पाया तेथे घातला गेला आहे.

हातांची सेवा

यापो येथील टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, तिची गोष्ट आपण जाणतो. ती मरण पावली तेव्हा पेत्र तेथे गेला. शहरातील विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसने जिवंतपणी केलेली वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. या विधवांपाशी दुर्कसच्या स्तुतीची भाषणे नव्हती. तिच्या हातचे टाके हीच तिची साक्ष होती. निर्गमाच्या पुस्तकात बसालेलला देवाच्या आत्म्याने भरले, ते सोने, रुपे, पितळ आणि लाकूड यांवर कलाकुसर करण्यासाठी. तेथेच कुशल स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून निवासमंडपासाठी आणले, असेही वाचावयास मिळते. हाताचे कौशल्य हे देवाचे दान आहे, ही शास्त्राची स्पष्ट शिकवण आहे.

म्हणून सतरंजीवर बसून डहाळ्या बांधणाऱ्या भगिनींनो, आपली सेवा व्यासपीठावरून होणाऱ्या सेवेपेक्षा कमी आहे असे मानू नका. तारेने बोट कापते, सुरूच्या चिकाने हात काळे होतात, घरी स्वयंपाकाला उशीर होतो. हे सर्व प्रभू पाहतो.

आता हिशेबाची एक साधी गोष्ट पाहू या. समजा, एका तोरणाला ३०० रुपये मिळाले. तार, फीत, घंटा यांवर ८० रुपये खर्च झाले. उरले २२०. हे २२० रुपये दिले कोणी? घेणारा म्हणेल, मी दिले. पण त्याला त्याच्या पैशांत सुंदर वस्तू मिळाली. बाजारात गेला असता तर कदाचित तेवढेच द्यावे लागले असते. खरे दान त्या हातांनी केले, ज्यांनी तीन संध्याकाळ बसून मजुरी घेतली नाही. तेव्हा तोरण विकत घेणाऱ्याने आपले दानार्पण झाले असे समजून स्वस्थ बसू नये. तोरणाचे मोल द्यावे आणि त्यावर आपले दानही द्यावे. आणि करणाऱ्यांनीही मनात म्हणावे की, आमचे दान मोजले जाण्याची आम्हाला गरज नाही.

हातांविषयी बोलताना पंडिता रमाबाईंचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आजचे छत्तीसगडही त्या काळी त्याच प्रांतात मोडत होते. उपासमारीने खंगलेल्या अनाथ मुलींना आणि तरुण विधवांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी त्यांना अन्नवस्त्र दिले आणि त्याबरोबर कामही दिले. कोणी विणकाम शिकली, कोणी शिवण, कोणी छापखान्यातील खिळे जुळवावयास शिकली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर छापण्याचे कामही मुक्तीतील स्त्रियांच्याच हातांनी झाले. दुष्काळात जे हात भिकेसाठी पुढे झाले असते, त्या हातांनी देवाचे वचन कागदावर उतरविले!

यातून आपण काय घ्यावे? ज्यांच्यासाठी आपण तोरणे करतो त्यांना आपल्या वर्तुळाबाहेर ठेवू नये. त्यांच्यापैकी कोणाला कामट्या वाकविता येत असतील. बांबूचे काम तर छत्तीसगडच्या कितीतरी हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना बोलवावे, त्यांच्याकडून शिकावे, त्यांच्या श्रमाचे योग्य दाम द्यावे. सतरंजीवर शेजारी बसलेल्याला कोणी भिकारी म्हणत नाही.

पैशाची सेवा

नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तीत ‘स्तेफानोस’ हा शब्द आहे. पानाफुलांचा गुंफलेला हार असाही त्याचा अर्थ होतो आणि मुगूट असाही. शर्यत जिंकणाऱ्याच्या मस्तकावर पानांचे जे चक्र ठेवीत, ते स्तेफानोस. पौल करिंथकरांना लिहितो की, ते सुकून जाणारे आहे, पण आपण न सुकणाऱ्या मुगुटासाठी धावत आहो.

हाच शब्द एका माणसाचे नाव म्हणूनही शास्त्रात येतो. तो माणूस म्हणजे स्तेफन. त्याचा रक्तसाक्षी म्हणून झालेला मृत्यू आपल्या सर्वांच्या लक्षात असतो. त्याला काम कोणते दिले होते ते मात्र आपण विसरतो. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. कुरकुर सुरू झाली. तेव्हा प्रेषितांनी सात चांगल्या नावाची, आत्म्याने पूर्ण माणसे निवडण्यास सांगितले आणि त्यांत पहिले नाव स्तेफनाचे होते. ज्याच्या नावाचाच अर्थ ‘हार’ असा होतो, त्याच्या हाती मंडळीने प्रथम काय सोपविले असेल, तर गरीब विधवांच्या ताटातील न्याय! पाश्चात्त्य परंपरेच्या मंडळ्यांत नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, त्याचा स्मरणदिन पाळतात. २५ तारखेला आपण दारावर हार लावतो; २६ तारखेला हा दुसरा हार आपल्याला विचारतो की, वाटप नीट झाले का?

धर्मादाय निधीच्या बाबतीत आपण ख्रिस्ती लोक कधी कधी फार ढिले असतो. चांगल्या हेतूने जमविलेल्या पैशाचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याला वाटते. पौलाला तसे वाटले नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी पोहोचविताना त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा एक बंधू पाठविला. कोणाला बोट ठेवावयास जागा राहू नये, प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्या दृष्टीनेही सर्व काही चोख असावे, हा त्याचा हेतू त्याने उघडपणे लिहिला आहे (२ करिंथ ८:१९-२१). पौलासारख्या प्रेषिताला जे आवश्यक वाटले ते आपल्याला अनावश्यक कसे? म्हणून किती तोरणे झाली, किती पैसे आले, सामानाला किती गेले, उरलेले कोठे दिले, हे उपासनेच्या वेळी मंडळीपुढे वाचून दाखवावे. दोन वेगळ्या घरांतील दोन माणसांच्या सह्या त्यावर असाव्यात.

मात्र हिशेब उघडा असला, तरी ज्यांना मदत मिळाली त्यांची नावे झाकलेली असावीत. कांबळे देताना छायाचित्र, फी भरताना फलक, औषध देताना भाषण, ही सारी प्रभूने सांगितलेली कर्ण्याची रूपे आहेत. प्रभूने तर उजव्या हाताचे दान डाव्या हातापासूनही झाकून ठेवावयास शिकविले. घेणाऱ्यालाही लाज असते. ज्या पित्याचे छायाचित्र आपण कांबळे घेताना काढले, त्याची मुले ते छायाचित्र पाहतील, हा विचार आपल्या मनाला शिवतो का?

गाजावाजा न करता दिलेल्या दानाचे फळ किती मोठे असते, याचे उदाहरण भिलाईच्या लोहमार्गावरच घडलेले आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. तोच मार्ग राजनांदगावहून पुढे दुर्गला आणि आजच्या भिलाईकडे जातो. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणे झाले आणि त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती वाचावयास घेतली, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती मंडळीला तिचा कवी मिळाला तो अशा एका देण्यातून, जे गाडीच्या डब्यात एका हातातून दुसऱ्या हातात गेले. तेथे फलक नव्हता, टाळ्या नव्हत्या. देणाऱ्याच्या पदरचे किती गेले? एका लहानशा पुस्तकाची किंमत.

दाराची सेवा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. तेथील खेड्यांत नवे धान हाती आले की, दिवाळीच्या सुमारास लोंब्या गुंफून सुरेख झालरी करतात आणि दाराला किंवा अंगणात टांगतात. नाजूक विणीच्या, सोनेरी रंगाच्या त्या झालरी पाहत राहाव्या अशा असतात. पण त्या केवळ शोभेसाठी नसतात. चिमण्या येतात, दाणे टिपतात, दिवसामागून दिवस जातात आणि झालर विरळ होत जाते. शेवटी उरतो तो नुसता पेंढा. घरच्या लोकांना याचे दुःख होत नाही. पाखरांनी खावे यासाठीच तर ती टांगलेली असते.

बंधुभगिनींनो, दारावरील तोरण कसे असावे, हे मला त्या झालरीने शिकविले. जे तोरण सहा महिने जसेच्या तसे टिकते, त्यातून कोणाचे पोट भरले? लेवीयाच्या पुस्तकात देवाने आपल्या लोकांना आज्ञा केली की, शेताच्या कडेकोपऱ्यांतील पीक कापू नये, गळालेले वेचू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावे. त्या राहिलेल्या सरव्यावर रूथ जगली, आणि रूथच्या वंशात दावीद जन्मला, आणि दाविदाच्या नगरात आपला तारणारा. शेताच्या कडेला सोडलेल्या मूठभर लोंब्यांची वाट बेथलेहेमच्या गव्हाणीपर्यंत जाते.

आता पुन्हा त्या सतरंजीकडे वळू. समजा, काम ऐन रंगात आले आहे. उद्या सकाळी वीस तोरणे पोहोचवावयाची आहेत. अशा वेळी दार वाजते. दाराशी एक बाई उभी आहे. तिच्या नवऱ्याचे कंत्राटावरचे काम सुटले आहे, घरी तीन मुले आहेत. ती भीक मागत नाही. काही काम मिळेल का, एवढेच विचारते. आतून कोणी तरी म्हणते, आता फार गडबड आहे, नाताळनंतर या. आणि दार लागते. दारावर नुकतेच गुंफलेले हिरवेगार तोरण डोलत असते.

वाचका, थांब आणि विचार कर. आपण त्या खोलीत असतो तर उठलो असतो का? ज्या गरिबांसाठी आपण रात्र जागवीत होतो, त्यांच्यातीलच एक दाराशी आली होती. लूकाच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाजराला मारले नव्हते, हाकलूनही दिले नव्हते. लाजर त्याच्या दाराशी पडून होता आणि त्याने त्याला पाहिले नाही, एवढेच त्याचे पाप. त्या दारावर कोणते तोरण होते ते शास्त्र सांगत नाही. पण ते सुंदरच असणार!

भिलाईसारख्या गावी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. एकीकडे आखीव रस्ते, सेक्टरांची नेटकी घरे, पगाराची शाश्वती. दुसरीकडे आज आहे आणि उद्या नाही असे कंत्राटी काम. खाणकामगार आणि कंत्राटी मजूर यांच्या हक्कांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच परिसरात झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. आपली मते काहीही असोत, मजुराचा घाम आणि त्याची मजुरी हा विषय देवाच्या दृष्टीने लहान नाही, हे याकोबाचे पत्र वाचणाऱ्याला सांगावे लागू नये. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने खऱ्या उपासाची दोन अंगे सांगितली आहेत. भुकेल्याला आपल्या भाकरीतील वाटा द्यावा, उघड्याला पांघरावे, हे एक. आणि जुलमाचे जू मोडावे, जखडलेल्यांना मोकळे करावे, हे दुसरे. कांबळे देणे पहिल्या अंगात येते. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला, आपल्या हाताखालच्या मजुराला पुरती मजुरी वेळेवर देणे दुसऱ्या अंगात येते. मोलकरणीचे शंभर रुपये कापून धर्मादाय तोरण घेणाऱ्याचे दान देव स्वीकारील काय?

आणि गरीब हा केवळ घेणाराच असतो, हा गैरसमजही आपण सोडला पाहिजे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून एक रुग्णालय उभे केले. शहीद हॉस्पिटल या नावाचे ते रुग्णालय १९८३ साली सुरू झाले. ज्यांच्यासाठी कोणी तोरणे विकली असती, त्यांनीच दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी आपले हात पुढे केले. मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी पौलाने हेच लिहिले होते. त्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी त्यांनी शक्तीपलीकडे दिले, आणि पैशाआधी त्यांनी स्वतःला प्रभूला दिले.

तर मग या वर्षी तोरणे करू नयेत काय? अवश्य करावीत! आनंदाने करावीत, गीते गात करावीत. फक्त सतरंजी थोडी मोठी अंथरावी, म्हणजे आणखी एकीला बसता येईल. दाराशी एकाला बसवावे, ज्याचे काम तोरण गुंफणे हे नसून, कोण आले ते पाहणे हे असेल. त्या बाईला आत बोलवावे, चहा द्यावा, कामट्या हाती द्याव्यात, दिवसाची मजुरी ठरवावी. वीसपैकी दोन तोरणे उशिरा पोहोचली, तर कोणाचे काय बिघडले? आणि नाताळ झाल्यावर, जानेवारीत, फेब्रुवारीत, डहाळ्या वाळून गेल्यावरही तिच्या घरी कोणी तरी जाऊन यावे. गरिबाची भूक २५ डिसेंबरला संपत नाही.

शेवटी आणखी एका चक्राचे स्मरण करू. स्तेफानोस हाच शब्द मत्तयाने एकदा वेगळ्याच प्रसंगी वापरला आहे. राज्यपालाच्या वाड्यात सैनिकांनी काटे घेतले, ते गुंफले आणि प्रभूच्या मस्तकावर ठेवले. तेही हातांनीच गुंफलेले होते. आपण ज्याच्या जन्मासाठी मऊ हिरव्या डहाळ्या बांधतो, त्याच्या वाट्याला माणसांच्या हातचा तो एकच हार आला. तोरण बांधताना तारेचे टोक बोटात रुतले तर क्षणभर थांबावे आणि त्याचे स्मरण करावे. त्याने आपल्यासाठी स्वर्गाचे दार उघडले आणि पुन्हा लावले नाही. त्याच्या नावाने आपण दारावर जे काही टांगू, त्याच्यामागचे दार तरी उघडे असू द्या.

प्रार्थना करू या :

हे प्रेमळ पित्या, आमच्या हातांच्या कामावर तुझा आशीर्वाद असू दे. आमचे तोरण पाखरांनी टिपलेल्या झालरीसारखे दुसऱ्यांसाठी खर्ची पडू दे. आमच्या हिशेबात खरेपणा दे, आमच्या देण्यात मौन दे. दाराशी कोणी आले, तर त्याच्या रूपाने तूच आला आहेस हे ओळखण्यास आम्हाला डोळे दे आणि हातातले काम खाली ठेवून उठण्याची बुद्धी दे. भिलाईपासून कोकणापर्यंत, जेथे जेथे तुझी लेकरे हा सण पाळतील, तेथे तेथे कोणाचेही दार बंद राहू नये. काट्यांचा मुगूट धारण करणाऱ्या तुझ्या पुत्राच्या नावाने मागतो. आमेन.